गव्हाचा दाणा आणि निर्यातीचे दार

हवामान बदलामुळे पीक बुडते आणि पीक बुडाल्यामुळे उपासमार होते, असे सरळसोट समीकरण मांडण्याची सवय आहे. प्रत्यक्षात या दोन टोकांच्या मध्ये बरेच काही घडते. भारतातील गेल्या काही वर्षांचा अनुभव तेच सांगतो.

मार्च २०२२ हा १९०१पासूनच्या नोंदींमधील देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात त्या सुमारास गव्हाच्या ओंबीत दाणा भरत असतो. या अवस्थेत पारा चढला की पीक वेळेआधी पक्व होते आणि दाणा आक्रसतो. शेत उभे दिसते, पण वजन घटते. सरकारी खरेदीत सुकलेल्या व तुटक्या दाण्यांसाठी असलेली सहा टक्क्यांची मर्यादा त्या वर्षी १८ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली, यावरून नुकसानीची कल्पना यावी.

तरीही उत्पादनातील घट प्रचंड नव्हती. फेब्रुवारीतील ११ कोटी १३ लाख टनांचा अंदाज मे महिन्यात १० कोटी ६४ लाखांवर आला, म्हणजे चार-साडेचार टक्के तूट. सरकारी खरेदी मात्र आदल्या वर्षीच्या ४ कोटी ३३ लाख टनांवरून १ कोटी ८८ लाखांवर कोसळली. युक्रेन युद्धामुळे जागतिक भाव भडकले होते आणि व्यापारी हमीभावापेक्षा अधिक दर देत होते. शेतकऱ्याने गहू तिकडे विकला, यात गैर काय? पण त्यामुळे काही राज्यांतील मोफत धान्य योजनेत गव्हाऐवजी तांदूळ देण्याची वेळ आली. जगाला अन्न पुरवण्याची भाषा एप्रिलमध्ये झाली आणि १३ मे रोजी निर्यातबंदी. भारतीय गव्हाचा सर्वांत मोठा ग्राहक असलेल्या बांगलादेशाला तो धक्का होता.

तांदळाची कथा अधिक बोलकी आहे. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के. एल निनोचे सावट, वर्षभरात ११.५ टक्क्यांनी वाढलेले किरकोळ भाव आणि तोंडावर आलेली लोकसभा निवडणूक अशा पार्श्वभूमीवर २० जुलै २०२३ रोजी बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात रोखण्यात आली. पाठोपाठ उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क लागले. तुकडा तांदूळ तर आदल्या सप्टेंबरपासूनच बंद होता, आणि सेनेगलसारख्या देशात रोजच्या ताटात तोच असतो. त्या ऑगस्टमध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेचा तांदूळ भाव निर्देशांक पंधरा वर्षांतील उच्चांकावर गेला. सरकारी पातळीवर विनंती करणाऱ्या देशांना कोटा मिळाला खरा, पण तो विनवणीचा मार्ग होता, बाजाराचा नव्हे.

भीती निराधार होती, असे म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२३ हा १९०१नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला; पावसाची तूट ३६ टक्के होती. पण २०२३-२४चे तांदूळ उत्पादन अखेर १३ कोटी ७८ लाख टन, म्हणजे तोवरचे विक्रमी निघाले. टंचाईपेक्षा टंचाईची धास्ती मोठी ठरली. या धास्तीची किंमत दोघांनी मोजली : आयात करणाऱ्या देशांतील गरिबांनी आणि चढ्या भावापासून वंचित राहिलेल्या येथील शेतकऱ्यांनी. डिसेंबर २०२३ मधील कांदा निर्यातबंदीनंतर नाशिक जिल्ह्याला हे वेगळे सांगायची गरज उरली नाही.

लहरी हवामानात साठा बाळगणे हे शहाणपणच. मात्र कोणत्या पातळीला निर्यात आवरायची आणि कोणत्या पातळीला मोकळी करायची, याचा आधी जाहीर केलेला नियम नसेल, तर प्रत्येक कोरडा पंधरवडा नव्या अधिसूचनेला निमित्त ठरतो. पांढऱ्या तांदळावरील बंदी २८ सप्टेंबर २०२४ रोजी उठली. त्यानंतरच्या हंगामात, गोदामे ओसंडू लागल्याने, अन्न महामंडळाच्या साठ्यातील ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी देऊ करण्यात आला.