केसपेपरवर गटार लिहा!


वस्तीत एखादं पोरगं गप्प झालं, जेवेना, झोपेना, की आई त्याला देवऋषाकडं नेते. बाप म्हणतो, नाटकं करतंय. आणि आपण कार्यकर्ते म्हणतो, मोर्चाला ये, बरा होशील. या तिघांत डॉक्टर कुठंच नाही.

डॉक्टर आहे कुठं? महाराष्ट्रात सरकारची जुनी मनोरुग्णालयं चार. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. किनवटच्या मजुरानं रोज बुडवून नागपूर गाठायचं काय? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं सांगितलं, नैराश्य, चिंता असल्या आजारांच्या शंभरातल्या ८५ माणसांना इलाजच मिळत नाही. हा सगळ्या जातींचा मिळून आकडा. त्यात आपण कुठल्या टोकाला असू, ते तुम्हीच ओळखा.

बरं, डॉक्टर भेटला. तो झोप विचारतो, भूक विचारतो, घराण्यात कुणी वेडं होतं का विचारतो. जात काढली की म्हणतो, तू फार मनाला लावून घेतोस. २०१६ साली रोहित वेमुला गेला, २०१९ साली डॉक्टर पायल तडवी गेली. तेव्हाही म्हणणारे होतेच, पोरं मनानं कच्ची. कच्चं मन दिसतं, मारणारा हात दिसत नाही. गटारात उतरणारा माणूस घाण सोसावी म्हणून आधी देशी ढोसतो. केसपेपरवर लिहितात : दारूचं व्यसन. गटार कोण लिहिणार?

पण म्हणून दवाखान्यावर थुंकून चालणार नाही. जात जाईल तेव्हा जाईल, पोरगं आज जगलं पाहिजे. गोळी घेणारा काही चळवळीतून फुटत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १८ सांगतं, सरकारी खर्चाचा उपचार जातीवरून भेद न करता मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. हक्क, मेहरबानी नव्हे!

तेव्हा मागा. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या आणि समुपदेशक मागा. वसतिगृहात जातीचा मार ओळखणारा माणूस मागा. मानसोपचाराच्या अभ्यासक्रमात जात शिकवा म्हणून मोर्चा काढा. आपली पोरंपोरी या धंद्यात घाला.

आणि आज रात्री कुणी जीव द्यायची भाषा केली, तर भाषण ठोकू नका. त्याच्यापाशी बसा. टेलिमानसचा १४४१६ नंबर लावा, पैसे पडत नाहीत. सकाळी त्याच्यासोबत दवाखान्याच्या रांगेत उभे राहा.