आपला ओला कचरा शेतकऱ्याला का नको?

ओला कचरा वेगळा करायचा, हे आपण शाळेपासून ऐकतोय. चित्रकला स्पर्धेत हिरवा डबा, निळा डबा रंगवूनही झालाय. पण वेगळा कशासाठी, असं कॉलेजच्या कट्ट्यावर कुणालाही विचारा. उत्तर येतं, ‘शहर स्वच्छ राहतं.’ या उत्तरात शेत कुठेच नाही. मला वाटतं, घोळ तिथेच आहे.

खरकटं, फळांच्या साली, चहाचा चोथा नीट कुजवला की खत होतं. ते बाल्कनीतल्या कुंडीत घातलं की रीलही छान होतं. पण अख्ख्या पुण्याचा ओला कचरा कुंड्यांत मावणार नाही, त्याला शेतच लागतं. पुरंदर तालुक्यात माझ्या मामाची अंजिराची बाग आहे. शहरातल्या कंपोस्टची एक ट्रॉली त्याने घेऊन पाहिली होती. आता म्हणतो, “फुकट दिलं तरी नको. काचा निघतात, ब्लेड निघतं. बाया हाताने खुरपतात, त्यांना काय सांगू?”

हा काही त्याचा हट्ट नाही. प्लास्टिक चाळणीने बरंचसं निघतं, पण काचेचे बारीक तुकडे खताबरोबरच खाली पडतात. आणि जड धातू तर चाळताच येत नाहीत. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे शिसे १०० आणि कॅडमियम ५ मिलीग्रॅमच्या वर चालत नाही. रिमोटचे संपलेले सेल आपण खुशाल खरकट्यात टाकतो, तेव्हा हे कुणाच्या डोक्यात असतं?

आपल्या बाजूचा प्रचारही अर्धवट आहे. ‘कंपोस्ट टाका, युरिया विसरा’ हे पोस्टरवर ठीक. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत साधारण २० किलो. कंपोस्टमध्ये ते जेमतेम एक टक्का. एका गोणीच्या बरोबरीला दोन टन कंपोस्ट ओढावं लागेल, आणि त्यातलंही सगळं नत्र पिकाला एकाच हंगामात मिळत नाही. शेतकऱ्याला हे गणित आपल्यापेक्षा चांगलं कळतं. कंपोस्टचं खरं काम सेंद्रिय कर्ब वाढवण्याचं. माती परीक्षणात कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असला की जमीन कमी कर्बाची धरतात. कर्ब वाढला की माती भुसभुशीत होते, पाणी धरते आणि टाकलेलं खत पिकाला लागू पडतं. पावसाने महिनाभर ओढ दिली की हा फरक दिसतो.

पूर्वी हे काम शेणखत करायचं. ट्रॅक्टर आले, बैल गेले, शेणखत महागलं. कच्चं शेण टाकावं तर हुमणीला आमंत्रण. पुसदच्या पांढरीपांडे काकांच्या ‘नाडेप’ पद्धतीत दहा बाय सहा बाय तीन फुटांच्या, जाळीदार विटांच्या टाकीला शंभरेक किलो शेण पुरतं. बाकी पालापाचोळा, माती आणि पाणी. तीन-चार महिन्यांत खत तयार. म्हणजे शेण थोडं असलं तरी भागतं, कुजायला माल मात्र भरपूर लागतो. तो शहरात रोज पडतोय!

केंद्राने २०१६ मध्ये शहरी कंपोस्टच्या विक्रीसाठी टनामागे १,५०० रुपये मदत जाहीर केली होती. पैशाने विक्री वाढेल, काच कशी निघणार?

म्हणून सुरुवात घराघरातल्या डब्यापासून न करता विद्यार्थ्यांच्या मेस, हॉस्टेल आणि भाजी मंडईपासून करावी. इथला कचरा त्यातल्या त्यात निर्मळ असतो. सेल नाही, ब्लेड नाही. घाण असते ती आपलीच: टिश्यू, सॉसची पाकिटं, प्लास्टिकचे चमचे. ताट उचलताना एवढं बाजूला काढायला दहा सेकंद लागतात. हा कचरा घरगुती कचऱ्यात मिसळू न देता वेगळा कुजवायचा आणि प्रत्येक खेपेबरोबर तपासणीचा अहवाल द्यायचा. शिजलेल्या अन्नात मीठ-तेल असतं, त्यामुळे कोरडा पाला भरपूर मिसळावा लागेल. पण शहरात झाडांखाली तो जाळला जातोच आहे, तोच वापरता येईल.

मामाला हे सांगितलं. “एक ट्रॉली टाकून बघू,” म्हणाला, “पण आधी माझ्यासमोर चाळून दाखवा.”