सुनेचं नाव कुठल्या यादीत?

२६ एप्रिल २०२४. यवतमाळ-वाशिम लोकसभेचं मतदान शुक्रवारी आलं होतं. कारंजा, मंगरुळपीरला जुम्याच्या नमाजला जाता-येता पुरुषांनी मत दिलं असेल. पण घरातल्या सुनेला ‘चल, तूही चल’ कोण म्हणालं? निकाहनंतर ती सासरी येते, तिचं नाव मात्र माहेरच्याच यादीत राहून जातं. राशनकार्ड आठवतं, मतदार यादी आठवत नाही. फॉर्म ८ भरला की नाव सासरच्या पत्त्यावर येतं. बीएलओकडे तो देता येतो. पडद्यातल्या मतदाराची ओळख महिला कर्मचारी पटवते, तेव्हा ती अडचणही उरत नाही. सासूने तासभर नातवाला सांभाळलं, तर सून मत देऊन येते. मत कुणाला, ते तिचं तिने ठरवावं. आपण फक्त सोबत जावं.