निम्मी विहीर म्हणजे किती फूट?

फेब्रुवारी 2024 मधली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते, रिलीज डोक्यावर होता, मी हिंजवडीत ऑफिसातच होतो आणि गावाहून अण्णांचा फोन आला. अण्णा एरवी एवढ्या उशिरा फोन करत नाहीत. "आप्पानं विहीर तळाला नेली. उद्यापासून आपली पाळी आणि मोटर हवा घेतेय. कांदा जाणार."

मी काय म्हणालो असेन? तुम्ही जे म्हणाला असता तेच. "अण्णा, सोडू नका. केस टाकू."

आज हे लिहायला बसलोय ते या वाक्याबद्दल. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं नाव गावाकडच्या सातबाऱ्यावर असतं, जमीन वडील नाहीतर भाऊ कसत असतो आणि भांडण झालं की आपण पुण्या-मुंबईतून फोनवर सल्ला देतो. शिकलेला मुलगा म्हणून त्या सल्ल्याला वजन असतं. आणि तो सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो, असं माझं आता स्पष्ट मत झालंय.

आधी विहिरीबद्दल सांगतो. आमचं गाव पारनेर तालुक्यात. 1972 च्या दुष्काळानंतर आमच्या आजोबांनी आणि शेजारच्या आप्पांच्या वडिलांनी बांधावर मिळून विहीर खणली. सात परस खोल, 24 फूट व्यास. सातबाऱ्यावर दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा. पाळी ठरली ती चार दिवस त्यांची, चार दिवस आमची. दिवस उगवला की पाळी बदलायची. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि पन्नास वर्षं लिहायची गरजही पडली नाही.

2023 ला आमच्याकडे पाऊस कमी झाला. त्यात आप्पांनी पाच एचपीची मोटर काढून साडेसातची बसवली. बाकी तुम्हाला अंदाज आलाच असेल. बांधावर आवाज चढले. आप्पांचा मुलगा आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो, आमचं बोलणं बंद झालं. आप्पा म्हणाले, "मग मी माझ्या रानात बोअर पाडतो." अण्णा म्हणाले, "मग मीही पाडतो."

इकडे मी रात्री जागून कायदा वाचत होतो. (आपला स्वभावच तो. एरर आली की आधी डॉक्युमेंटेशन.) आणि कायदा चांगला निघाला हो! मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चा. त्याच्या कलम 5 प्रमाणे शेतीसाठी विहिरीचं, तलावाचं किंवा पाटाचं पाणी वापरण्यापासून कुणी तुम्हाला बेकायदा वंचित केलं, तर तहसीलदार तो वापर पूर्ववत करून देऊ शकतात. अट एकच, घटना घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करायचा. दुसऱ्याच्या रानातून पाइपलाइन न्यायची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 49 आहे, तिथेही तहसीलदारांकडेच अर्ज. मी अर्जाचा मसुदा तयार केला, महाभूलेखवरून सातबारा काढला आणि शनिवारी गावी गेलो. लढाईला निघाल्यासारखा.

अर्जात एक रकाना मात्र भरता येईना. आप्पांनी आमचं नेमकं किती पाणी जास्त घेतलं? मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "लई घेतलं." 'लई' तहसीलदारांपुढे कसं मांडणार?

म्हणून मी मोजायला लागलो. सुतळीला दर फुटावर गाठ मारली, खाली दगड बांधला आणि विहिरीत सोडला. 24 फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण 12,800 लिटर. दुपारी चारला वीज गेली की मोटरी बंद व्हायच्या, रात्री दहाला वीज यायची. त्या सहा तासांत पाणी दोन फूट चढायचं. म्हणजे तासाला चार इंच, दिवसाला आठ फूट, साधारण एक लाख लिटर. त्या फेब्रुवारीत आमच्या विहिरीचा पगार एवढाच होता.

मग मोटरी मोजल्या. आमची मोटर दोनशे लिटरचा ड्रम एका मिनिटात भरायची. आप्पांची मोजायला त्यांची परवानगी हवी होती. गेलो. म्हणालो, "आप्पा, भांडायला आलो नाही, मोजायला आलोय." त्यांनी माझ्याकडे, मग सुतळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मोज. मलाबी कळू दे." त्यांचा ड्रम भरला चाळीस सेकंदात. म्हणजे आठ तास वीज मिळाली तर आमची मोटर 96 हजार लिटर ओढणार, जेवढं पाझरतं जवळपास तेवढंच. त्यांची ओढणार 1 लाख 44 हजार. चार दिवसांत बारा-तेरा फूट जास्तीचं पाणी. अण्णांची तक्रार खरी होती.

इथेच थांबलो असतो तर अर्ज मस्त झाला असता. पण मोजायला लागलं की आपल्या सोयीच्या आकड्यावर थांबता येत नाही.

दुसरी गोष्ट निघाली पाळी बदलण्याच्या वेळेची. आमच्या फीडरवर तेव्हा आठवड्यातले तीन दिवस वीज दिवसा असायची आणि चार दिवस रात्री, दहा ते सकाळी आठ. रात्री बिबट्याच्या भीतीने कुणी रानात जात नाही, म्हणून दोन्ही मोटरींना ऑटो स्विच. पाळी बदलते दिवस उगवताना, वीज जाते आठला. म्हणजे रात्रीच्या आठवड्यात ज्याची पाळी संपली त्याची मोटर पुढे तासभर चालूच. आप्पांची चालायची, हे अण्णांनी स्वतः पाहिलं होतं. आमची पाळी संपली की आमचीही चालायची, हे कुणी पाहिलं नव्हतं. अण्णांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

आपल्या भाषेत सांगायचं तर रिसोर्स एक, प्रोसेस दोन आणि लॉक सोडायची वेळ चुकीची. नियम वाईट नव्हता. तो डिझेल इंजिनाच्या काळातला होता, जेव्हा माणूस जागा असेल तरच इंजिन चालायचं. शिवाय पाळीचं चक्र आठ दिवसांचं आणि विजेचं सात दिवसांचं. दोन्ही जुळून हिशेब समसमान व्हायला 56 दिवस लागतात. कांदा 56 दिवस थांबत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात कडू. एक एकर कांद्याला एका वेळी पाच सेंटीमीटर पाणी धरलं तर दोन लाख लिटर लागतं. विहीर आठ दिवसांत देते आठ लाख लिटर. म्हणजे ती आठ दिवसांना चार एकर भिजवणार, निम्म्या हिश्शाने दोन-दोन. आप्पांनी लावला होता तीन एकर. आम्ही अडीच. पाणी चोरीला गेलंच नव्हतं, ते मुळात नव्हतंच. दोन्ही घरांनी चांगल्या पावसाच्या वर्षीची विहीर डोक्यात ठेवून रोप टाकलं होतं आणि कमी पडलं तेव्हा दोन्ही घरांना शेजारी दिसला.

आता माझा मुद्दा. कागदावर असतो हिस्सा, विहिरीत असतं पाणी. सातबारा सांगतो 'निम्मी'. पण निम्मे दिवस, निम्मे तास, निम्मे लिटर की निम्मा एकर, हे तो सांगत नाही. आणि भांडण जवळजवळ नेहमी तिथेच असतं. ते न मोजता केस टाकली, तर आपण तहसीलदारांना असा प्रश्न विचारतो ज्याचं उत्तर आपल्यालाच माहीत नाही. वर्षं जातात आणि निकाल लागतो तोही 'निम्मी' असाच.

कुणी म्हणेल, हे तुझ्या शेजाऱ्याने मोजू दिलं म्हणून. सगळे आप्पा नसतात. मान्य. कुणी दांडगाई करून मोटरची केबल कापली, पाइप उखडला, पाळीच नाकारली, तर समजूत काढत बसू नका, सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवा. कायदा त्यासाठीच आहे. पण पाणी कमी पडणं आणि पाणी अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठली आपल्या बांधावर घडतेय हे कळायला सुतळी लागते.

आणि बोअरचं काय? इथे कायदा तितका उपयोगी नाही. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यापासूनची समजूत अशी, की स्वतःच्या जमिनीखालचं, ठरलेल्या प्रवाहात नसलेलं पाणी मालकाने उपसावं. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरहून खोल विहिरींवर बंधनं आणली, पण दोन शेजारी चिडून शेजारी-शेजारी बोअर घेतात तेव्हा तिथे कुणी उभं नसतं. दोन्ही बोअर लागली असती तर पहिली आटली असती ती आजोबांची विहीर. खर्च दोघांचा, विहीर कुणाचीच नाही. मला खरी भीती त्याची होती.

हे शहाणपण काही मी शोधलेलं नाही. धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धतीत शेतकऱ्यांनी पाणी द्यायला स्वतंत्र पाटकरी नेमलेला असायचा, कारण आपल्या पाळीचं माप आपणच धरलं की ते आपल्याकडे झुकतं. विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावातून पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर वाटलं आणि ऊस बंद ठेवला. म्हणजे आधी पाणी किती ते बघायचं, मग पीक. आम्ही उलटं केलं होतं.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो. पाळी दिवस उगवताना नाही, दिवेलागणीला बदलायची. त्या वेळी वीज नसतेच, त्यामुळे कुणाचीच मोटर चालू राहत नाही. विहिरीच्या आत लाल रंगाचा पट्टा मारला. पाळी सोडताना पाणी पट्ट्याच्या खाली गेलेलं चालणार नाही, मोटर कितीचीही असो. एचपीचा वाद तिथेच संपला. हे सगळं शंभर पानी वहीच्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या, साक्षीदार म्हणून गावातली दोन माणसं. हा कागद कोर्टात किती टिकेल हा वकिलांचा प्रश्न. बांधावर तो दोन वर्षं टिकलाय.

गोड शेवट मात्र नव्हता. त्या वर्षी आप्पांच्या एक एकरात आणि आमच्या अर्ध्या एकरात पाणी कमी दिलं. निम्म्यापेक्षा जास्त गोलटीच निघाली. नुकसान आप्पांचं जास्त झालं, कारण लावलं त्यांनी जास्त होतं, आणि ते त्यांनी मान्य केलं. मान्य करणं सोपं नसतं. तयार पीक डोळ्यांसमोर वाळताना बघायचं आणि शेजाऱ्याला शिव्या द्यायच्या नाहीत, हे मला जमलं असतं का, माहीत नाही.

तो मसुदा अजून लॅपटॉपवर आहे. डिलीट केला नाही, लागू नये एवढीच इच्छा. सुतळी मात्र अण्णांनी विहिरीच्या कठड्यालाच बांधून ठेवलीय. आता दर दिवाळीला, रोप टाकायच्या आधी, अण्णा आणि आप्पा दोघं मिळून ती पाण्यात सोडतात, गाठी मोजतात आणि मग किती एकर ते ठरवतात.

तेव्हा पुढच्या वेळी गावाहून असा फोन आला, तर 'केस टाकू' म्हणायच्या आधी एवढंच विचारा, "पाणी किती फूट आहे?" आणि शक्य झालं तर शनिवारी गाडी काढून स्वतः जा. फोनवरून विहीर मोजता येत नाही.