उसाचा दर आणि रुपयाचे मोल

साखर कारखान्याचे बिल हाती पडले म्हणजे करवीर, कागल वा शिरोळ तालुक्यातील ऊसकरी शेतकरी प्रथम पाहतो तो टनाचा दर. मागील हंगामापेक्षा आकडा मोठा असला की त्याचे समाधान होते. हे समाधान स्वाभाविक असले, तरी अपुऱ्या हिशेबावर उभे आहे. रुपया खाता येत नाही किंवा खतासारखा रानात टाकता येत नाही. त्याच्या मोबदल्यात काय पदरात पडते, यावरच त्याचे मोल ठरते. हे मोल वर्षानुवर्षे घटत जाणे, यालाच भाववाढ किंवा चलनवाढ म्हणतात.

एखाद्याच जिनसेचा भाव चढणे ही मात्र भाववाढ नव्हे. 2019 साली पंचगंगेच्या पुराने रस्ते बंद झाले, तेव्हा कोल्हापुरात भाजीपाल्याची चणचण भासली. अशी टंचाई वाट मोकळी झाली की ओसरते. परंतु मीठमिरचीपासून मजुरीपर्यंत सर्वच भाव चढून तेथेच स्थिरावले, तर जिन्नस महाग झाले असे म्हणण्यापेक्षा रुपया स्वस्त झाला असे म्हणणे अधिक यथार्थ होय. बाजारात माल तेवढाच राहून लोकांच्या हाती पैसा वाढला, म्हणजे असे घडते. पैसा तेवढाच असून माल घटला किंवा तो तयार करण्याचा खर्च वाढला, तरीही घडते. 1972 चा दुष्काळ आणि 1973 अखेरीस भडकलेले खनिज तेलाचे दर यांचे परिणाम एकवटले, तेव्हा 1974-75 मध्ये देशातील घाऊक भाव वर्षात सुमारे 25 टक्क्यांनी चढले होते.

आता उसाचा हिशेब पाहू. केंद्र सरकारने ठरविलेला रास्त व किफायतशीर दर 2012-13 च्या हंगामात टनास 1,700 रुपये होता. 2024-25 मध्ये तो 3,400 झाला, म्हणजे बरोबर दुप्पट. परंतु पहिला दर 9.5 टक्के उताऱ्यास होता व दुसरा 10.25 टक्के उताऱ्यास. कोल्हापूरचा ऊस उताऱ्याला चांगला. तो 12 टक्के धरला, तर पहिल्या हंगामात टनास सुमारे 2,147 रुपये पडत होते व दुसऱ्यात सुमारे 3,980. वाढ दुप्पट नव्हे, 85 टक्के झाली. शिवाय तोडणी-वाहतूक यातूनच वजा होते. इकडे 2012 मध्ये 100 धरलेला ग्राहक भावांचा निर्देशांक डिसेंबर 2024 मध्ये 195 च्या घरात पोहोचला होता. बिलाचा आकडा एवढा फुगूनही शेतकरी फार तर जागच्या जागी राहिला. कदाचित पाऊलभर मागेच. त्यातही हा निर्देशांक घरखर्चाचा आहे. खत, बेणे व मशागत यांचा खर्च त्यात धरलेला नाही.

म्हणून दराविषयीची चर्चा नुसत्या रुपयांत करणे हितावह नाही. गेल्या वर्षीपेक्षा शंभर रुपये अधिक मिळाले, हा विजय आहे की तोटा, हे त्या वर्षीचे भाव पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

शेतमजुराची स्थिती याहून नाजूक आहे. पूर्वी सुगीत मजुरी धान्यात दिली जाई. शेराचा भाव काहीही असो, शेर तो शेरच राही. रोख मजुरीस ते संरक्षण नाही. ऊसकऱ्यास निदान दरवर्षी नवा दर जाहीर होतो, पण मजुरास वाढ मागून घ्यावी लागते, आणि ती मिळेपर्यंत बाजार पुढे निघून गेलेला असतो. ऊसदरासाठी हिरिरीने बोलणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या बांधावरील मजुरीलाही हेच माप लावणे न्यायाचे ठरेल.

यासाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. गावच्या विकास सोसायटीने दर दसऱ्यास ज्वारी, गोडे तेल, डिझेल, खताचे पोते, दिवसाची मजुरी आणि टनाचा ऊसदर एवढ्या सहा गोष्टी एका वहीत नोंदवाव्यात. पाच वर्षांनी ती वही सभेत उघडली, म्हणजे एक टन उसात किती पोती खत आले आणि किती दिवसांची मजुरी भागली, हे सभासदांना स्वतःच वाचता येईल.