मुरूम : आधी ओळखा, मग औषध लावा

मुरूम, पुटकुळ्या, तारुण्यपीटिका... नावे अनेक, पण घरोघरी सल्ला एकच : 'काहीतरी लाव, जाईल.' सुश्रुतसंहितेत यांना 'मुखदूषिका' म्हटले आहे आणि सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. म्हणजे दुखणे जुनेच. तरीही आपण एकतर 'वयाचे आहे' म्हणून सोडून देतो, नाहीतर मिळेल ते मलम चोपडतो. यातली दुसरी गोष्ट अधिक घातक, हे मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला पाहिले.

आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या कितीतरी लेकी इंदूरला दिल्या आहेत. माझी धाकटी बहीणही तिकडे पलासियात राहते. तिची मुलगी एकोणीस वर्षांची. खवय्यांचे आवडते छप्पन दुकान घराजवळच, पण पोरगी संध्याकाळीही घराबाहेर पडेना. "मावशी, तुम्ही जाऊन या. माझा चेहरा बघून लोक विचारत बसतात," म्हणाली. गाल लालभडक, त्यावर बारीक शिरा, लव वाढलेली आणि एकसारखे दाणे. उन्हात गेले की आग व्हायची.

सुरुवात कपाळावरच्या चार पुटकुळ्यांनी झाली होती. औषधाच्या दुकानातून कुणीतरी सुचवलेली ट्यूब आणली. आठवड्यात चेहरा नितळ, वर उजळही! मग आठ महिने तीच. थांबवली की दुप्पट उठायचे, म्हणून पुन्हा तीच. ट्यूब उलटून वाचली, तर त्यात बीटामेथासोन होते, म्हणजे स्टेरॉईड. त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले तेव्हा ते म्हणाले, "मूळचे मुरूम साधे होते. हा आजार ट्यूबने दिलाय."

वाचकहो, म्हणूनच मुरूम ओळखायला शिकले पाहिजे. आपल्या त्वचेतल्या तैलग्रंथी वयात येताना जास्त तेल सोडतात. ते तेल आणि मृत पेशी यांनी रंध्र बुजते. तोंड उघडे राहिले तर वरचा भाग काळा दिसतो. तो मळ नव्हे, त्यामुळे घासून जात नाही. तोंड बंद असेल तर पांढरा बारीक दाणा. या दोन्हींवर रात्री अ‍ॅडापॅलीन किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेले औषध उपयोगी पडते.

बुजलेल्या रंध्रात जिवाणू वाढले, सूज आली, की लाल दुखरी पुटकुळी होते. पू धरला की पिवळे टोक येते. इथे बेंझॉईल पेरॉक्साईड कामाला येते. सुरुवात २.५ टक्क्यांपासून करावी. टॉवेल-उशीचा रंग उडतो, तेवढे सांभाळा. क्लिंडामायसीनसारखे प्रतिजैविक एकटेच लावत राहू नये, जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

त्वचेखाली खोलवर कडक, ठणकणाऱ्या गाठी हा तिसरा, गंभीर प्रकार. त्या कायमचे खड्डे ठेवून जातात. इथे घरगुती उपायांत दिवस घालवू नका. डॉक्टर पोटात घ्यायच्या गोळ्या देतात. त्यांतली आयसोट्रेटिनॉईन परिणामकारक आहे, पण गर्भाला अत्यंत धोकादायक. म्हणून गोळ्या चालू असताना आणि नंतरचा एक महिना गर्भधारणा टाळावीच लागते. विवाहित मुलींनी हे डॉक्टरांशी संकोच न करता बोलावे.

काही मुरूम दिसायला तसेच, पण मूळ निराळे. हनुवटी-जबड्यावर वारंवार येत असतील, पाळी अनियमित असेल, ओठांवर केस वाढत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. कपाळावर, पाठीवर एकसारखे खाजणारे दाणे बुरशीचेही असू शकतात, त्यावर प्रतिजैविकाने उलट वाढ होते. डोक्याला चपचपीत तेल लावणाऱ्यांच्या कपाळावर रंध्रे बुजतात. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांनी दुधापासूनच्या प्रोटीन पावडरीकडेही लक्ष द्यावे, काहींना त्याने मुरूम वाढतात. जिलेबी, शीतपेये यांसारख्या गोडाचाही काही जणांना त्रास होतो.

लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट चेहऱ्यावर नको. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुणे पुरे. पुटकुळी फोडू नये.

आणि ट्यूब घेताना मागचे नाव वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही सगळी स्टेरॉईड्स आहेत. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. तरीही ती 'गोरेपणाची क्रीम' म्हणून हातोहात फिरतात. कुणी आधीच लावत असेल तर मनाने एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ते टप्प्याटप्प्याने सोडवतात. खासगी फी परवडत नसेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयात त्वचाविभाग असतो. इंदूरच्या नातलगांसाठी एम.वाय. रुग्णालय आहेच.

खऱ्या औषधाचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. सात दिवसांत चेहरा उजळवणाऱ्या मलमाचा संशयच घ्यावा. एवढा धीर मुलींना आपणच द्यायचा असतो. पण आपण काय म्हणतो? 'अशा चेहऱ्याने स्थळ कसं येणार?' माझ्या वर्गात हुशार मुली मागच्या बाकावर मान खाली घालून बसतात, त्यामागे कित्येकदा घरातले असे एखादे वाक्य असते. ती घाईघाईने ट्यूब शोधते, ती त्या वाक्यानंतरच. तेव्हा मैत्रिणींनो, लेकीच्या चेहऱ्याबद्दल बोलणे थांबवा आणि या आठवड्यात तिच्या कपाटातली ट्यूब तेवढी उलटून वाचा.