लगाम हवा, आणि तो वेळेवर हवा

लोकशाही म्हणजे बहुमताचे राज्य, एवढीच व्याख्या ज्यांना पुरेशी वाटते त्यांनी एकदा कंग्राळीकडे पाहावे. बेळगाव शहराला लागून असलेल्या या गावातील मराठी माणसाचे मत कर्नाटकाच्या निवडणुकीत मोजले जाते खरे. पण भाषेच्या प्रश्नावर ते कधीच पुरे पडत नाही. संख्येने कायम उणे असणाऱ्याचे रक्षण मग करावयाचे कोणी?

घटनाकारांनी यावर एका सत्तेला दुसऱ्या सत्तेचा लगाम घातला. सालाझारशाहीत राजकीय आरोपींचा न्याय लष्करी न्यायालये करीत. दाद मागायला दुसरे दार नसणे म्हणजे काय, हे गोमंतकाला निराळे सांगावयास नको. सीमाभागाला ते दुसरे दार एकदा उघडे मिळाले. 1982 साली कर्नाटक सरकारने माध्यमिक शाळांत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा ठरविणारा आदेश काढला. 1989 साली तो रद्द केला, तोही कर्नाटकाच्याच उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने! बंगळुरात विधानसौध आणि उच्च न्यायालय समोरासमोर उभी आहेत. त्यांच्यामधील ते अंतर हीच अल्पसंख्याकांची खरी तटबंदी होय.

मात्र लगाम असून भागत नाही. तो वेळेवर ओढला जावा लागतो. या निकालापूर्वीच, जून 1986 मध्ये, कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात नऊ जणांचे प्राण गेले. हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक त्याची साक्ष देते. महाराष्ट्राने 131व्या कलमान्वये 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गुदरलेला सीमादावा वीस वर्षे लोटूनही निकालाविना राहिला. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी दिला. पण त्याच्या हाती चौकशी आणि अहवाल एवढेच. अंमलबजावणी मात्र ज्या राज्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच मर्जीवर! कुंपणच शेत खाऊ लागले तर राखणदाराच्या नुसत्या टिपणवहीचा उपयोग काय?

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने सीमादाव्याची सुनावणी ठराविक मुदतीत संपवावी. या अधिकाऱ्याच्या अहवालावर संसदेने दरवर्षी चर्चा करावी आणि संबंधित राज्याला लेखी उत्तर देण्यास बांधून घ्यावे. आणि हाच न्याय अक्कलकोट व जत येथील कन्नड मुलालाही मिळावा. जे कवच आपण केवळ आपल्या माणसांसाठी मागतो, ते हक्क राहत नाही. तो हट्ट ठरतो.